भंडारा हलला पाहिजे

चांगलं चाललेलं काम हौसेनं बिघडवायचं असेल तर दुबलगुंडीच्या तेजश्रीकडं यावं. शुक्रवारी संध्याकाळी तिनं दोन तास खपून, घाम गाळून, वर गाणं गुणगुणत स्वतःच्या हातानं स्वतःची बेस गिटार बिघडवली. आणि झोपताना काय समाधान होतं चेहऱ्यावर! आईनं विचारलंसुद्धा, काय गं, लॉटरी लागली का म्हणून.

बेस गिटार म्हणजे साध्या गिटारीची थोरली बहीण. मान लांब, तारा चारच, पण त्यातली एकेक सुतळीएवढी जाड. ती गाणं म्हणत नाही. गाण्याच्या खाली बसते आणि सगळं गाणं डोक्यावर उचलून धरते. तेजश्री गुलबर्ग्याला बी.एस्सी. करत असताना शेजारच्या खोलीतल्या हैदराबादच्या मुलीनं हॉस्टेल सोडताना ती हिच्या गळ्यात घातली होती. 'मला काही जमेना, तूच सांभाळ,' असं म्हणून ती गेली, आणि हिला वेड लागलं. मोबाइलवर बघून बघून चार वर्षं बोटं झिजवली. आता कडगंचीच्या विद्यापीठात एम.एस्सी. चालू होती, तिथंही गिटार बरोबर होतीच.

तिच्या घराण्यात ढोल होता. आजोबा लिंगाप्पा, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, धनगरी ढोलाच्या मेळ्याचे म्होरके. मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती, घरचे लोक तुरीच्या रानात आणि कारखान्याच्या पाळ्यांत अडकले होते, पण अप्पांचा ढोल काही खुंटीवर गेला नव्हता. वय अठ्ठ्याहत्तर, बारीक आवाज आता कानाला कमी लागायचे. सून म्हाळसा, म्हणजे तेजश्रीची आई, जेवायला हाका मारून दमायची. पण कुठं लांब ढोल वाजला की हेच आधी मान वर करायचे.

ह्या मेळ्याची एक रीत होती. नवा ढोल आला की त्याची आधी ओळख पाहायची. म्होरक्याचा ढोल आडवा ठेवायचा, त्याच्या कातड्याच्या पानावर चिमूटभर भंडारा टाकायचा, आणि नवा ढोल दहा पावलांवरून वाजवायचा. हात न लावता म्होरक्याच्या ढोलावरची हळद हलली, नाचली, तर ओळख पटली. नाही हलली तर नव्या ढोलानं घरी जायचं. वशिला नाही, रडणं नाही. बंडेप्पा अप्पांचे पन्नास वर्षांचे जोडीदार, पण त्यांचाही ढोल एकदा असाच घरी गेलेला. तो विषय काढला की ते अजून चिडतात.

संक्रांतीला तेजश्री घरी आली आणि अंगणात बसून, घरच्या स्पीकरला जोडून सहज गिटार वाजवायला लागली. ओट्यावर अप्पांचा ढोल होता, सकाळच्या पूजेचा भंडारा त्यावर तसाच पडलेला. तिनं सगळ्यात जाड तार छेडली आणि ओट्यावर ती हळद मुंग्या चालल्यासारखी सरकायला लागली! अप्पा तिथंच चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"परत वाजव."

तिनं परत वाजवली. हळद परत नाचली.

"ह्याचा आवाज पोटात बसायलाय गं," अप्पा म्हणाले. "कानाचं काम न्हाई ह्याला. ही वस्तू मेळ्यात चालंल."

झालं! तेजश्रीनं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. कडगंचीला परत गेल्या गेल्या अनिलकुमारला गाठलं. अनिलकुमार आळंदचा, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी पुढं, की-बोर्ड वाजवायचा आणि विद्यापीठातल्या लोककला महोत्सवाची सगळी धावपळ त्याच्याच अंगावर असायची. त्यानं लगेच मांडून टाकलं: अकरा ढोल, एक की-बोर्ड आणि एक बेस गिटार. कार्यक्रम ह्या रविवारी, सकाळी अकराला. टेंपो दुबलगुंडीतून सहाला निघणार. मेळ्याच्या रिंगणात आजोबांच्या शेजारी उभं राहायचं, एवढं एकच तेजश्रीच्या डोक्यात दीड महिना फिरत होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं. प्रॅक्टिकलच्या वहीतसुद्धा तिनं रिंगण काढलं होतं.

आणि आता शुक्रवारची करामत ऐका. मोठ्या कार्यक्रमाआधी मेळ्यातले लोक ढोलाला नवं पान चढवतात. तेजश्री हे लहानपणापासून बघत आलेली. नवं पान म्हणजे वाद्याचा मान. मग हिच्या गिटारीचा मान कुणी ठेवायचा? तिच्यावर अजून त्या हैदराबादच्या मुलीच्याच तारा, काळ्या पडलेल्या, चिकट, बोटांचा घाम प्यालेल्या. तिनं नव्या कोऱ्या चकचकीत तारा मागवल्या आणि चढवल्या. जुन्या काढून अंगणात टाकल्या.

शनिवारी सकाळी आठला खंडोबाच्या देवळापुढं तालीम बसली. अनिलकुमार आदल्या दिवशीच मुक्कामाला आला होता. त्यानं हुमनाबादच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून अ‍ॅम्प, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारं खोकं, आणलं होतं. अप्पांनी सगळ्या ढोलांवर भंडारा टाकला. तेजश्री रिंगणात जाऊन उभी राहिली.  तिनं जाड तार छेडली.

खणणण!

देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली. तार झणझणत राहिली, बोट सरकलं की कर्र करत राहिली, आणि तो सगळा आवाज थेट दातांत गेला. तेजश्रीला वाटलं, वायर ढिली असेल. वायर घट्ट केली. परत खणणण. मग तिनं आवाज कमी केला. आता खणखणाट थोडा गेला, पण त्याबरोबर खालचा सगळा दमही गेला.

"पोरी," बंडेप्पा म्हणाले, "मेळ्यात वाद्य आणलंस का भांड्याचं दुकान?"

सगळे खो खो हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी आपला ढोल आडवा ठेवला, पानावरची हळद बोटानं सारखी केली आणि म्हणाले, "वाजव." तिनं वाजवली. हळद जिथल्या तिथं. तिनं जोरात वाजवली. खणखणाटानं बंडेप्पांनी कानावर हात ठेवले, पण हळदीचा एक कण हलेल तर शपथ.

"संक्रांतीला तर हललं होतं की अप्पा!"

"व्हय. मला काय इसर पडला न्हाई." अप्पांचा आवाज शांत होता, तेच जास्त वाईट. "तवा पोटातला आवाज हुता. आज मला तर नुसती तुझी बोटं हलायलेली दिसायलीत. ऐकूच यायना काय."

तेजश्रीच्या आता लक्षात आलं. अप्पांच्या कानाला बारीक आवाज लागत नव्हते, आणि हिच्या तारांत आता फक्त तेच उरले होते. सगळ्या गावाचे कान किटले, आणि ज्याला ऐकवायचं त्यालाच ऐकू जात नव्हतं!

"रीत ती रीत," अप्पा म्हणाले. "सांजच्याला परत बसू. भंडारा हलला पाहिजे. हलला तर टेंपोत माझ्या शेजारी बस. न्हाई हलला तर ही वस्तू टेंपोत चढायची न्हाई, मग तू माझी नात आस का कुणी आस."

अनिलकुमारनं तिला बाजूला घेतलं. "तेजू, टेन्शन नको घेऊ. बेस मी की-बोर्डावर डाव्या हातानं वाजवतो. तू मागं कोरसला उभी राहा. पब्लिकला काय कळतंय?"

तो बिचारा चांगल्या मनानं बोलला होता. पण तेजश्रीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तो डावा हात खिशात घातला.

ती घरी पळत सुटली. डोक्यात एकच: जुन्या तारा! कालच तर टाकल्यात, गेल्या कुठं असतील? अंगणात नव्हत्या. उकिरड्यावर नव्हत्या. "माय! तारा कुठं हाईत माझ्या?"

म्हाळसा परड्यात दोडक्याच्या वेलाशी काहीतरी करत होती. "कुठल्या तारा? त्या काळ्या व्हय? आगं लई कामाच्या निघाल्या बघ! दोन हिथं मांडवाला बांधल्या. एक शेरडांच्या फाटकाला. एक उरलीय, बारकी, तीबी तोडून ठिवलीय, चाळणीला गुंडाळीन म्हनते."

तेजश्रीनं बघितलं. पकडीनं तोडून, पीळ देऊन, गाठी मारून त्या तारा मांडवाला अशा आवळल्या होत्या की वादळ आलं तरी दोडका हलणार नव्हता. ती तिथंच मातीत बसली आणि रडावं का हसावं तेच तिला कळेना.

"कामून गं? काय झालं?" म्हाळसा घाबरली. तेजश्रीनं सांगितलं. म्हाळसा म्हणाली, "तूच टाकल्या हुत्यास की बाई." 

आता वाजले होते साडेनऊ. तालीम साडेपाचला. तिनं गुलबर्ग्याच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, मॅडम, गुळगुळीत तारा असतात, त्यांचा आवाज मऊ येतो, पण त्या मागवाव्या लागतात, आठ दिवस लागतील. मॅडमनं फोन ठेवला.

मग सुरू झाली लढाई! तिनं टोनचं बटण पूर्ण मागं फिरवलं. खणखणाट थोडा बसला. शाब्बास! बोटांची नखं बारीक कापली. बोटाच्या टोकाऐवजी अंगठ्याच्या मांसल भागानं वाजवून बघितलं, तेही खाली लोखंडी पट्टीपाशी नाही, वर मानेच्या बुडाशी, जिथं तार सैल हलते. अरे वा! आवाज गोल झाला, जाड झाला. तेजश्री उठून नाचली. पण आवाज मोठा केला की ती झणझण परत हजर. एक सूर वाजवला की तो थांबायचंच नाव घेईना, पुढच्या सुराच्या अंगावर चढायचा, आणि ढोलाच्या ठेक्यात तिसऱ्याच कुणाचा तरी गोंधळ ऐकू यायचा.

"अक्का, अ‍ॅम्प ह्या पिंपात घालून बघू का?" अनिलकुमारनं पाण्याचं रिकामं पिंप ओढत आणलं. चिडवायचं असलं की तो तिला अक्का म्हणायचा. घातला. आवाज असा आला, जणू विहिरीत पडलेला माणूस वर बोलतोय. शेरडं ओरडायला लागली. काढला.

ती झणझण दाबायची होती, एवढं तेजश्रीला आता नेमकं कळलं होतं. तारा जिथं खाली लोखंडी पट्टीत अडकतात, तिथं खालून काहीतरी मऊ टेकवायचं. तिनं एका व्हिडिओत कधीतरी बघितलंही होतं. मग आईचा भांडी घासायचा स्पंज कापून घातला. झणझण गेली, पण आवाज रबराचा झाला, टुप टुप. टॉवेलची घडी घातली. आवाज ठार मेला. बापाच्या थंडीच्या ब्लँकेटचा तुकडा घातला. तो बुळबुळीत, चार सूर वाजले की सरकून खाली. जुनं नायलॉनचं लुगडं, पायमोजा, उशीतला कापूस, सगळं झालं. म्हाळसाचं अर्धं घर त्या गिटारीत जाऊन आलं. कशानं आवाज मरायचा, कशानं उंडारायचा. मधला, ऊबदार, पोटात बसणारा काही केल्या येईना.

दुपारी तीनला तिनं हात टेकले. अंगठा लाल झाला होता. अनिलकुमार खाटेवर आडवा झाला होता. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली.

समोर अंगणात अप्पा आपला ढोल बघत बसले होते. त्यांच्याही ढोलाला परवा नवं पान चढलं होतं. त्यांनी काठीच्या टिपरूनं एक ठोका दिला. ढोल वाजला, आणि ठोक्याच्या मागं एक पातळ टणणण निघाली. तेजश्रीनं कान टवकारले. नव्या कातड्यालाही तीच खोड! अप्पांना ती ऐकू येत नसणार, पण हाताला कळली असावी. त्यांनी पानावर तळवा ठेवून बघितला, चक् केलं, आणि खांद्यावरच्या घोंगडीचं टोक ओढून ढोलाच्या डाव्या पानाच्या कडेला खोचलं. नुसतं टेकवलं, दाबलं नाही. परत ठोका दिला.

धुम्म!

टणटण गायब. राहिला तो नुसता खोल, गरम, भरलेला ठोका.

तेजश्री ताडकन उभी राहिली. हे तिनं हजार वेळा बघितलं होतं! अप्पा ढोल वाजवताना घोंगडीचं टोक असं खोचतात, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. तिला वाटायचं, ढोलाची कड कमरेला लागू नये म्हणून असेल. अरे देवा! नवं पान चढवायची अर्धी रीत तिनं उचलली, आणि चढवल्यावर त्याला शांत करायची अर्धी डोळ्यांसमोर असून सोडून दिली होती.

"अप्पा!" ती ओरडली. पण अप्पांनी ढोल ठेवला होता, घोंगडी बाजेवर टाकली होती, आणि ते परड्याकडं निघून गेले होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

ती बाजेपाशी गेली आणि तिथं तिचे पाय थबकले. ही घोंगडी अप्पांच्या वडिलांची. घरच्या मेंढरांची लोकर, घरच्या बायकांनी कातलेली, काळी, खरबरीत, अजून मेंढराचा वास धरून असलेली. दसऱ्याला हीच अंथरून तिच्यावर देव बसवायचे. तिला लोखंड लावायचं नाही, असा घरचा कडक नियम. लहानपणी तेजश्रीनं एकदा तिचा लोंबणारा दोरा कात्रीनं कापला होता, तर अप्पा तिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. आता मागायला जावं, तर 'नाही' म्हणाले की संपलं. एकदा अप्पांनी नाही म्हटलं की त्यावर खंडोबानं येऊन सांगितलं तरी उपयोग नव्हता.

नुसतं टोक खोचून बघावं म्हणून तिनं गिटार आणली आणि घोंगडीचं टोक तारांखाली सरकवलं. छेडली.

अहाहा! आवाज मेला नाही. झणझणला नाही. जाड, काळाभोर, ऊन खाल्लेल्या मातीसारखा तो सूर निघाला, थोडा रेंगाळला आणि आपणहून बसला. तेजश्रीच्या अंगावर काटा आला. खाटेवरचा अनिलकुमार उठून बसला आणि म्हणाला, "काय केलंस?"

पण अख्खी घोंगडी गिटारीला लटकवून रिंगणात उभं राहता येत नव्हतं. तिनं स्वयंपाकघरातून विळी आणली.  टोकाशी, जिथं आधीच झिजलेलं होतं तिथं, चार बोटं रुंदीची पट्टी तिनं विळीवर धरली. डोळे मिटले. खर्रकन कापली.

डोळे उघडले तर समोर म्हाळसा. पाण्याची कळशी कमरेवर तशीच.

"आगं... आगं मेले!" म्हाळसाच्या तोंडून एवढंच निघालं. तिनं परड्याकडं बघितलं, घोंगडीकडं बघितलं, पोरीच्या तोंडाकडं बघितलं. मग घोंगडीची घडी अशी घातली की कापलेलं टोक आत गेलं. "मी पानी आनायला गेलते," ती पुटपुटली. "मी काय बघितलं न्हाई."

साडेपाचला देवळापुढं सगळे जमले. सकाळच्या तमाशाची बातमी गावभर झालेली, त्यामुळं मेळ्यापेक्षा बघेच जास्त. बंडेप्पांनी आल्या आल्या कानात कापसाचे बोळे घालून दाखवले. लोक हसले.  तेजश्रीनं अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला, टोन मागं घेतला, आणि अनिलकुमारला खूण केली: आवाज पूर्ण वर. सकाळी अर्ध्यावर ठेवतानाही कानाचे पडदे फाटत होते, आता पूर्ण.

अप्पांनी ढोल दहा पावलांवर आडवा ठेवला. चिमूटभर भंडारा टाकला. पिवळा, गोल, पैशाएवढा ठिपका. "वाजव," म्हणाले, आणि वाकून बघायला लागले.

तेजश्रीनं अंगठा जाड तारेवर ठेवला आणि ओढला.

धूऽऽम.

कुणाच्या कानात काही गेलंच नाही. जे गेलं ते पायांतून वर आलं. देवळापुढच्या फरशीतून, टाचांतून, पोटात. दुसरा सूर. तिसरा. बंडेप्पांचा हात आपोआप कापसाकडं गेला आणि त्यांनी एक बोळा काढला. मग दुसरा. आणि तिकडं ढोलाच्या पानावर तो पिवळा ठिपका आधी शहारला, मग फुटला, मग त्याची कडी झाली, आणि ती कडी सबंध पानभर नाचायला लागली!

"हललं! हललं की वो!" अनिलकुमार ओरडला आणि पुढं कन्नडमध्ये काय काय म्हणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक. मेळ्यातल्या एकानं ढोल उचलला, दुसऱ्यानं उचलला. कुणी सांगितलं नाही, कुणी मोजलं नाही, पण दहा ढोल सुरू झाले आणि त्यांच्या खाली तेजश्रीची गिटार जमीन होऊन पसरली. बंडेप्पा वाजवता वाजवता गिरकी घेऊन आले आणि तिच्या डोक्यावर टपली मारून गेले. आनंद कसला म्हणता! तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला श्वासच उरला नव्हता.

वाजवत नव्हते ते फक्त अप्पा.

ते सरळ झाले होते आणि तिच्याकडं चालत येत होते. डोळे तिच्या हातावर होते. नाही, हाताच्या खाली. चमकणाऱ्या तारांच्या खालून काळ्या लोकरीची कड बाहेर डोकावत होती. एकेक ढोल थांबत गेला. शेवटी गिटारही थांबली.

अप्पांनी वाकून ती कड चिमटीत धरली. चोळली. मग खांद्यावरची घोंगडी उतरवली आणि तिची घडी उलगडली. सरळ कापलेलं टोक सगळ्यांना दिसलं. बायकांच्या घोळक्यात म्हाळसानं पदर तोंडाला लावला.

"मी कापली, अप्पा." तेजश्री म्हणाली. "विचारायला पायजे हुतं. तुमी न्हाई म्हनाल म्हनून भ्याले. कशाकशानं करून बघितलं, दुसऱ्या कशानं हा आवाज यीना. तुमी ढोलाला लावता तसंच लावलं."

"कशानं कापलीस?"

"विळीनं."

अप्पांनी ती पट्टी तारांखालून ओढून काढली.  "वाजव," ते म्हणाले. तिनं वाजवली. खणणण! लोकांनी तोंडं वाकडी केली. अप्पांनी ढोलाकडं बघितलं. हळद गप्प होती. त्यांनी पट्टी परत खोचली, बोटानं नीट सारखी केली, तळवा गिटारीच्या लाकडावर सपाट ठेवला. "आता वाजव."

धूऽऽम.

अप्पांनी हात काढला नाही. तो सूर संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "ह्यो मला ऐकू आला."

 तेजश्रीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"पर लोखंड लावलंस हे वंगाळ केलंस," अप्पा म्हणाले आणि आवाज चढला. "बघ काय करून ठिवलंस! कापलेली कड हाय ही. उद्याच्याला उसवंल, दोरे तारंत आडकतील, मग भर कार्यक्रमात बोंबलत बसशील. आन ही बारीक तार तर उघडीच ऱ्हायलीय. आखूड कापलीस. काम करायचं तर धड करावं की!"

त्यांनी घोंगडीचं दुसरं टोक हातात घेतलं. अंगठ्यांनी वीण चाचपली, एक दोरा शोधला, आणि त्या दोऱ्याच्या अंगानं दोन्ही हातांनी ओढलं. खरखर करत लांबलचक पट्टी सरळ फाटत आली. 

"हितं लोखंड लागत न्हाई. हातानं फाडली की उसवत न्हाई. माझ्या बानं दाखवलं हुतं," ते म्हणाले आणि चार पदरी घडी करून त्यांनी ती चारही तारांखाली स्वतः बसवली. मग कमरेच्या पिशवीतून भंडाऱ्याची चिमूट काढली आणि गिटारीच्या मानेला लावली, सकाळी दहा ढोलांना लावली होती तशीच. आपला ढोल उचलून गळ्यात अडकवला, आणि तेजश्रीच्या डाव्या अंगाला येऊन उभे राहिले.

"म्हाळसा!" त्यांनी गर्दीत बघून हाक मारली. "उद्या टेंपोत म्होरच्या शीटवर हिची वस्तू ठीव. बंडेप्पाला मागं बसव."

"आं? मी कामून मागं?" बंडेप्पा ओरडले, पण तोवर अप्पांचा पहिला ठोका पडला होता.